थंडीत एमआरआयच्या चित्रांवर येणाऱ्या तिरक्या रेघा: दरवर्षी परतणारा दोष कसा शोधायचा

आधी दोष कसा दिसतो ते सांगते. ब्रेनचा किंवा स्पाइनचा (पाठीच्या कण्याचा) एखादा सिक्वेन्स, म्हणजे एका प्रकारच्या चित्रांचा संच, संपतो. चोवीसपैकी बावीस स्लाइस (कापांची चित्रे) स्वच्छ असतात आणि मधल्याच एखाद-दोन स्लाइसवर या कडेपासून त्या कडेपर्यंत समांतर तिरक्या रेघा उमटलेल्या असतात. कधी दोन दिशांच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि चित्राला खादीच्या कापडासारखा पोत येतो. सिक्वेन्स रिपीट केला की बहुतेक वेळा रेघा जातात. दोन पेशंट नीट होतात, तिसऱ्याला त्या पुन्हा येतात.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात १.५ टेस्लाच्या मशीनवर काम करते. आमच्याकडे हा दोष सलग तीन हिवाळे आला. पहिल्या हिवाळ्यात आम्ही इंजिनिअरला दोनदा बोलावले. तो रात्रीचा प्रवास करून यायचा, दिवसभर मशीन तपासायचा आणि त्या दिवशी एकही रेघ यायची नाही. कागदावर 'दोष आढळला नाही' असे लिहून तो परत जायचा. यात त्याची चूक नव्हती. आम्ही त्याच्या हातात काहीच दिले नव्हते. "कधीकधी रेघा येतात, साहेब" एवढ्यावरून कोणालाच काही सापडणार नाही.

मी हे गांभीर्याने घेतले ते एका फोनमुळे. आमचे बरेच रिपोर्ट दुसऱ्या शहरात बसलेले रेडिओलॉजिस्ट पाहतात. चोपड्याकडच्या एका शेतकरी बाबांच्या मानेच्या स्पाइनवर सरांनी विचारले, "मॅडम, कॉर्डमध्ये हा सिग्नल खरा आहे की तुमची रेघ?" बाबा तोपर्यंत गाडी करून घरी निघाले होते. अर्ध्या रस्त्यातून त्यांना परत बोलवावे लागले. रेघच होती, कॉर्ड (मज्जारज्जू) चांगला होता. त्या दिवसापासून मी टेबलजवळ वही ठेवली.

ही स्पाइकच आहे ना, ते आधी ठरवा

आमच्या या तिरक्या रेघांच्या दोषाला 'स्पाइक' म्हणतात; तो ठिणगीमुळे येतो. पण रेघ दिसली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, 'आर्टिफॅक्ट', म्हणजे शरीरात नसलेली, चित्रातच उमटलेली खूण. पण चार वेगळ्या दोषांची चार वेगळी कारणे असतात, आणि चुकीच्या दोषामागे धावण्यात आमचा एक अख्खा महिना गेला.

चित्राची विंडो (उजळपणाची सेटिंग) अशी लावा की शरीराबाहेरची काळी हवा उजळ दिसेल. स्पाइकच्या रेघा त्या रिकाम्या हवेवरही तितक्याच ठळक असतात, कारण शरीराशी त्यांचा काही संबंध नसतो. पेशंट हलल्याने येणारी भुते (अवयवाच्या पुसट प्रती) फेजच्या दिशेने सरकलेली असतात (चित्राची एक दिशा फेजची, दुसरी फ्रिक्वेन्सीची) आणि त्यांना अवयवाचा आकार असतो. कॉर्डच्या कडेला कडेशी समांतर बारीक रेघा दिसत असतील आणि मॅट्रिक्स (चित्रातल्या बिंदूंची संख्या) वाढवल्यावर त्या बारीक होत असतील, तर तो मोजमापाच्या मर्यादेचा परिणाम आहे, मशीन बिघडलेले नाही. ग्रेडियंट एको नावाच्या सिक्वेन्समध्ये अंगाच्या कडांवर, विशेषतः हात बोअरला (मशीनच्या बोगद्याला) टेकले असतील तेव्हा, झेब्र्यासारखे पट्टे येतात. ते कडेपाशीच राहतात, मध्यापर्यंत पोचत नाहीत.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो झिपरशी. झिपर म्हणजे चेन लावल्यासारखी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एकच सरळ ओळ. ती प्रत्येक स्लाइसवर त्याच जागी असते आणि फेजच्या दिशेने धावते. फेज आणि फ्रिक्वेन्सीची अदलाबदल केली की ओळ आडवीची उभी होते. झिपर आला तर बाहेरची रेडिओ लहर आत शिरते आहे किंवा आतलेच एखादे उपकरण सतत एका सुरात गोंगाट करते आहे. दार नीट लागले का, दाराच्या कडेच्या तांब्या-पितळेच्या पट्ट्या मळल्या किंवा वाकल्या का, ते पाहा. पंधरा दिवसांपूर्वी इलेक्ट्रिशियनने आतला दिवा बदलून साधा एलईडी लावला का, तेही विचारा. स्पाइकचा स्वभाव याच्या उलट असतो. ती कधी येते, कोणत्या स्लाइसवर येते, कोणत्या दिशेने येते, याचा नेम नसतो.

एका वाचनाने सगळे चित्र का बिघडते

हे समजल्याशिवाय शोध नीट होत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मशीन चित्र थेट घेत नाही. ते आधी के-स्पेस, म्हणजे कच्च्या वाचनांचा तक्ता, भरते. २५६ गुणिले २५६ चे मॅट्रिक्स असेल तर ६५,५३६ वाचने होतात आणि त्यांच्यावर फूरियरचे गणित चालवून चित्र तयार होते. के-स्पेसमधला प्रत्येक बिंदू म्हणजे सगळ्या चित्रभर पसरलेली एक लाट. हजारो लाटा एकमेकींत मिसळून मेंदू दिसतो. त्यातले एकच वाचन ठिणगीमुळे फुगले तर ती एक लाट बाकीच्यांवर चढते आणि साऱ्या चित्रावर तिचे पट्टे उमटतात. मागावर एक ताणा चुकला की रेघ साडीच्या या टोकापासून पदरापर्यंत जाते, तसेच हे. चुकलेला बिंदू के-स्पेसच्या मध्याजवळ असेल तर पट्टे रुंद येतात, कडेला असेल तर बारीक. दोन-तीन बिंदू बिघडले की कापडाचा पोत येतो.

१.५ टेस्लावर आपण साधारण ६४ मेगाहर्ट्झवर ऐकत असतो, आणि शरीराचा सिग्नल अतिशय क्षीण असतो. ठिणगीला ठरावीक फ्रिक्वेन्सी नसते, ती सगळ्याच फ्रिक्वेन्सींवर एकदम बोलते, त्यामुळे आपल्या ६४ वरही तिचा आवाज येतो. खोलीभोवती तांब्याचा पिंजरा आहे. दार नीट बंद असेल तर बाहेरच्या वेल्डिंगची किंवा जनरेटरची ठिणगी आत पोचता कामा नये. म्हणजे ठिणगी खोलीच्या आतच कुठेतरी पडते आहे. हे एकदा मनाशी पक्के झाले की अर्धे अंदाज आपोआप गळून पडतात. आमचा पहिला महिना शेजारच्या बांधकामाला दोष देण्यात गेला होता.

दुसरी खूण सिक्वेन्सची. पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेली ईपीआय (एको प्लॅनर इमेजिंग) ही वेगवान पद्धत आपण आज डिफ्युजन या सिक्वेन्ससाठी वापरतो. तिच्यात ग्रेडियंट (चुंबकी क्षेत्र जागेनुसार बदलणारी मशीनमधली वेटोळी) इतक्या वेगाने उलटसुलट होतात की टेबल, कॉइल (शरीराचा सिग्नल पकडणारा भाग), कव्हर सगळे थरथरते. जे सैल आहे ते तेव्हाच हलते. म्हणून साध्या टी-१ मध्ये लपलेला दोष डिफ्युजनमध्ये उघडा पडतो. दुर्दैव असे की लकव्याच्या पेशंटसाठी सर्वात मोलाचा सिक्वेन्सही तोच.

दोष मे महिन्याचा नाही, डिसेंबर ते मार्चचा

खानदेशात काही बिघडले की ऊन आधी आठवते. भुसावळ-जळगावला मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, चिलर धापा टाकतो, त्यामुळे 'हवा कोरडी झाली, स्टॅटिक वाढले' हे वाक्यही आम्ही उन्हाळ्यालाच चिकटवून टाकले होते. वहीने ते खोटे ठरवले. मेमध्ये रेघा जवळजवळ नव्हत्याच. केळीला चरका बसतो त्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे, त्या येत होत्या आणि मार्चच्या अखेरीस विरळ होत होत्या.

असे का, ते आकड्यांतून पाहा. समजा जानेवारीच्या दुपारी बाहेर २८ अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. तीच हवा आत येऊन २० अंशांवर आली की तिची आर्द्रता साधारण ३२ टक्के होते. आता मेमधली ४३ अंशांची हवा घ्या. आर्द्रता १५ टक्केच, ऐकायला जास्त कोरडी. पण गरम हवेत मुळात बाष्प जास्त मावते, म्हणून तीच हवा २० अंशांवर आली की ५५ टक्क्यांच्या आसपास जाते. एसीची कॉइल त्यातले काही पाणी काढून टाकते, तरी हिवाळ्यापेक्षा खोली ओलसरच राहते. वेधशाळेच्या बातमीतली आर्द्रता बघून खोलीचा अंदाज बांधू नका. आपल्या खोलीच्या तापमानाला ती किती होते हे महत्त्वाचे.

हिवाळ्यात याला जोड मिळते ती कपड्यांची. लोक स्वेटर, लोकरीची शाल, आत पॉलिस्टरचा शर्ट, नायलॉनची साडी अशा थरांत येतात. वॉर्डातून येणाऱ्या पेशंटवर मावशी मायेने मऊ ब्लँकेट टाकून देतात, आणि ते मऊ ब्लँकेट बहुधा पॉलिस्टरचे असते. लोकर पॉलिस्टरवर घासली की विजेचा भार साचतो. एरवी हवेतल्या ओलाव्यामुळे तो हळूहळू निघून जातो. कोरड्या हवेत त्याला वाट मिळत नाही, मग तो एकदम सुटतो. दाराच्या कडीला हात लावल्यावर चटका बसतो ना, तसाच.

आम्ही ज्या क्रमाने शोधले

पहिली पायरी म्हणजे पेशंट बाजूला ठेवणे. मशीनसोबत मिळालेली फँटमची (पेशंटऐवजी तपासणीसाठी ठेवायची) बाटली हेड कॉइलमध्ये ठेवून तोच सिक्वेन्स, त्याच सेटिंगवर, किमान पाच-सहा वेळा चालवा. एकदा चालवून 'ठीक आहे' म्हणू नका. लहरी दोष एका फेरीत सापडत नाही. फँटमवर काहीच आले नाही आणि पेशंटवर येते, तर संशय कपडे, ब्लँकेट, दागिने आणि पेशंटसोबत आत जाणाऱ्या वस्तूंवर. फँटमवरही येते, तर संशय खोलीवर आणि मशीनवर.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉइल बदलून पाहा. दुसऱ्या कॉइलवर आणि बॉडी कॉइलवर दोष येत नसेल, तर पहिल्या कॉइलचा प्लग, पिना आणि केबल पाहा. प्लग पूर्ण बसला की 'टक' असा आवाज येतो. घाईत अर्धवट बसलेला प्लग आमच्याकडे दोनदा सापडला. पिना कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, त्यांच्यावर कुठलाही स्प्रे मारू नका. त्यानंतर खोलीतले दिवे बंद करून पाहा. जुन्या बल्बची तुटायला आलेली तार थरथरली तरी ठिणगी पडते. दिवे बंद केल्यावर रेघा गेल्या तर उत्तर मिळाले. शेवटी टेबलच्या जागा बदला. ठरावीक जागेवरच दोष येत असेल तर टेबलखालच्या भागाकडे बोट जाते.

ग्रेडियंटच्या केबल, त्यांचे स्क्रू, मशीनचे कव्हर यांना आपण हात लावायचा नाही. कंपनाने सैल झालेला स्क्रू हे स्पाइकचे नेहमीचे कारण आहे, पण तिथे शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह असतो. ते काम इंजिनिअरचेच.

आमच्याकडे उत्तर दोन तुकड्यांत मिळाले, म्हणूनच ते इतकी वर्षे हाती लागत नव्हते. पहिला तुकडा कोरडेपणाचा. सर्व पेशंटना सुती गाउन आणि सुती चादर द्यायला सुरुवात केली त्याच आठवड्यात रेघा निम्म्याहून कमी झाल्या. मावशींना कारण समजावून सांगितले तेव्हा त्यांनीच लिनेन खोलीतून सुती चादरींचा वेगळा गठ्ठा बांधून दाराशी ठेवला. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दोन सुती चादरी आणि वर सुती गोधडी पुरते. गोधडी आतून फक्त सुती आहे ना, जुन्या साडीची जर किंवा पिना त्यात नाहीत ना, हे पाहूनच ती आत घ्या. जरीचा धागा आत जाणे रेघेपेक्षा जास्त धोक्याचे आहे, त्याने त्वचा भाजू शकते.

ओलावा वाढवताना

खोलीची आर्द्रता किती हवी हे आपल्या मशीनच्या साइटच्या कागदात लिहिलेले असते. ती साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या मधली ठेवावी. आमची तिशीच्या आसपास होती. आम्ही मापक मॅग्नेटच्या खोलीत ठेवला नाही. बायोमेडिकलच्या दादांनी तो खोलीतून परतणाऱ्या हवेच्या डक्टमध्ये, बाहेरच्या बाजूला बसवला आणि त्याचा आकडा कन्सोलवरून दिसेल अशी सोय केली.

इथे मला जोरात सांगायचे आहे. आपल्याकडे कोरडी हवा म्हटले की कूलर आठवतो. कूलर, पंखा, वाफेचे यंत्र, लोखंडी कडीची बादली, यांतले काहीही मॅग्नेटच्या खोलीत न्यायचे नाही. 'मशीन बंद आहे, पेशंट नाही' हे कारण चालत नाही, कारण चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण मशीनकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. त्याला कोणीतरी मशीन बंद आहे असेच सांगितले होते, असे त्याच्या घरच्यांनी म्हटले होते. ओलावा द्यायचा तो एसीच्या डक्टमधून, खोलीच्या बाहेर, एसीवाल्याच्या आणि मशीनच्या इंजिनिअरच्या संमतीने.

आमच्या एसीला ह्युमिडिफायर बसवायला अडीच महिने लागले. तोपर्यंत बाहेरच्या बाजूच्या एअर हँडलिंग खोलीत, विजेच्या पॅनेलपासून दूर, ओल्या सुती चादरी प्लास्टिकच्या दोरीवर टांगल्या. आकडा चार-पाच टक्क्यांनी वर सरकला, तेवढ्यानेही फरक पडला. पण हे रोज बदलायचे काम आहे. चादर आंबली की बुरशीचा वास खोलीभर जातो. आणि जोशात जास्त ओलावाही करू नका, साठच्या पुढे गेले की थंड पृष्ठभागांवर दव धरते आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसत नाही.

ह्युमिडिफायरला बोअरवेलचे पाणी देऊ नका. आपल्या भागातले बोअरवेलचे पाणी जड, घरच्या गिझरची कॉइल काढून पाहिली तरी कळते. क्षार साचून यंत्र अडते, किंवा पांढरी भुकटी हवेत उडते. आरओचे पाणी द्या आणि टाकी ठरल्या दिवशी धुवा.

दुसरा तुकडा

आर्द्रता ४५ वर स्थिरावली तरी डिफ्युजनमध्ये अधूनमधून एखादी रेघ राहिलीच. वहीत त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या नोंदी होत्या: तारीख, वेळ, सिक्वेन्स, कॉइल, स्लाइस क्रमांक, टेबलची जागा, आर्द्रता, पेशंटच्या अंगावर काय होते. एका रविवारी मी त्या रंगीत पेनाने वेगळ्या केल्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या रेघा ब्रेनच्या होत्या, म्हणजे टेबल ठरावीक खोलीपर्यंत आत गेल्यावरच्या. मानेच्या खालच्या स्पाइनवर एकही नव्हती.

ते पान आणि कच्चा डेटा इंजिनिअरला आधीच पाठवला. कच्च्या डेटाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: मशीन तो फार काळ जपत नाही, नवीन स्कॅन आले की जुना पुसला जातो. रेघ दिसली की त्याच क्षणी साठवून ठेवा. नुसत्या चित्रावरून के-स्पेसमधला नेमका बिंदू आणि त्याची वेळ शोधणे अवघड जाते. या वेळी तो आला तेव्हा सरळ टेबलकडेच गेला. रुळाचे कव्हर काढल्यावर बोअरच्या तळाशी, धातूच्या पट्टीला चिकटलेला एक केसांचा आकडा निघाला. काळा, साधा, वेणीत खोचतात तसा. ग्रेडियंट जोरात चालले की तो पट्टीवर थरथरत असणार. तो काढल्यावर आम्ही फँटमवर डिफ्युजन दहा वेळा चालवले आणि दहाही वेळा चित्र स्वच्छ आले.

तो आकडा कोणाचा आणि कधीपासून तिथे होता, हे कळायला मार्ग नाही. स्क्रीनिंगच्या वेळी आम्ही दागिने विचारतो, बांगड्या उतरवतो, मंगळसूत्र नातेवाइकांकडे देतो, पण अंबाड्यात हात घालून पाहत नव्हतो. आता सिस्टर किंवा मावशी स्वतः केस मोकळे करून पाहतात. आज्यांना सुरुवातीला ते रुचत नाही. "बाई, इतका वेळ लागतो अंबाडा घालायला," असे एक आजी म्हणाल्या. मग मावशींनी स्कॅननंतर त्यांचा अंबाडा स्वतः घालून दिला, आणि आता ते आमच्याकडे ठरूनच गेले आहे.

पेशंट टेबलवर असताना रेघ आली तर

सगळा स्कॅन पुन्हा करू नका. कोणत्या स्लाइसवर रेघ आहे आणि तिथे रिपोर्टला महत्त्वाचे काही आहे का, ते पाहा. लकव्याच्या संशयित पेशंटचे डिफ्युजन मात्र विचार न करता लगेच रिपीट करा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. दोन्ही संच पाठवत असाल तर रेडिओलॉजिस्टना फोन करून कोणता खराब ते सांगा आणि खराब संचावर तसे लिहा. पेशंट टेबलवरून उतरण्याआधी शेवटची स्लाइसही उघडून पाहा. चोपड्याच्या बाबांच्या वेळी मी पहिल्या आठच पाहिल्या होत्या.

या हिवाळ्यात आमच्या वहीत आतापर्यंत दोन नोंदी आहेत. दोन्ही एकाच दिवसाच्या, लाइट गेल्यामुळे ह्युमिडिफायर बंद पडून आर्द्रता ३३ वर आली होती त्या दुपारच्या. जनरेटरवर तो आपोआप चालू होत नव्हता, हे त्या दिवशी कळले. आता त्याची वायर जनरेटरच्या लाइनवर घेतली आहे.